चपटी वर्तुळं, जांभळं गवत

या पुस्तकाची सुरुवात एका अंड्यापासून झाली.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझी भाची लॅपटॉप छत्रीखाली सांभाळत घरी आली. अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष, कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल दोन दिवसांवर. काम तसं सोपं होतं. वर्तुळ काढायचं, पण तयार मिळणारी आज्ञा न वापरता, एकेक बिंदू स्वतः मोजून ठेवत. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत हे प्रॅक्टिकल अजून टर्बो सीमध्येच होतं आणि टर्बो सी आजच्या विंडोजवर थेट चालत नसल्यामुळे ते डॉसबॉक्सच्या पोटात बसवून चालवावं लागतं. तिने तसंच बसवलं होतं.

"मामा, बघ ना. गणित तीनदा तपासलं, मैत्रिणीचा कोड लावून बघितला. तरी अंडंच येतंय."

मी कोड बघितला नाही. तिच्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली आणि पडद्याला लावली. आडवा व्यास १०.८ सेंटिमीटर, उभा ८.१. मग ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं. डॉसबॉक्स पूर्ण पडद्यावरून उतरून छोट्या खिडकीत आला आणि अंड्याचं वर्तुळ झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा अंडं. भाची माझ्याकडे बघत राहिली. तिने दोन रात्री जागून ज्या ओळी पुन्हा पुन्हा खोडल्या होत्या, त्यांत पहिल्यापासून काही चुकलेलंच नव्हतं.

१०.८ ला ८.१ ने भागलं की १.३३ येतं. तिचा प्रोग्रॅम ६४० बाय ४८० बिंदूंच्या पाटीवर चित्र काढत होता. ती पाटी चारास तीन या मापाची. लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे सोळास नऊ. पूर्ण पडद्यावर जाताना ग्राफिक्स ड्रायव्हरने पाटी रबरासारखी ताणून चारही कडांना भिडवली. आडवी तिप्पट, उभी सव्वादोन पट. तिनास सव्वादोन म्हणजे पुन्हा तेच १.३३. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये चित्राचं मूळ प्रमाण राखण्याची एक ओळ असते. तिच्यावर खूण केली, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि वर्तुळ गोल झालं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. काळे पट्टे मात्र भाचीला आवडले नाहीत. पडदा वाया जातो म्हणाली.

त्या संध्याकाळपासून मी अशा तक्रारी वहीत टिपायला लागलो. जुना खेळ उघडला तर रंग विटलेले, हिशेबाच्या प्रोग्रॅममधलं 'ओके' बटण पडद्याबाहेर, मराठी नावांच्या जागी रेघोट्या, नव्या लॅपटॉपवर सगळी अक्षरं मोतीबिंदू झाल्यासारखी. तक्रार घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला आधी कुणीतरी "फॉरमॅट मारून टाका" हा सल्ला दिलेला होता. निम्म्यांनी तो ऐकलाही होता. वहीची पानं वाढत गेली, त्यांची प्रकरणं झाली, आणि आता ते पुस्तक तुमच्या हातात आहे.

पुढच्या सगळ्या प्रकरणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकतो. जुना प्रोग्रॅम चित्र अर्धंच काढायचा. उरलेलं अर्धं तो यंत्राच्या भरवशावर सोडायचा. बिंदू किती रुंद, रंग क्रमांक ४७ म्हणजे नेमका कोणता, अक्षर क्रमांक १७९ कसं दिसतं, एका इंचात किती ठिपके, हे त्याने कधी सांगितलंच नाही, कारण त्याच्या काळात ते सांगायची गरज नव्हती. समोरचं यंत्र ते गृहीत धरूनच बनलेलं असे. आजचं यंत्र दुसऱ्या गोष्टी गृहीत धरतं. त्यामुळे पडद्यावर काही विचित्र दिसलं की प्रोग्रॅमकडे संशयाने बघण्याआधी विचारायचं, कोणतं अर्धं गळालं? आकाराचं, रंगाचं, जागेचं की अक्षरांचं? उत्तर बहुतेक वेळा नुसतं नीट बघूनच मिळतं, आणि ते मिळालं की दुरुस्ती म्हणजे जुन्या प्रोग्रॅमशी सफाईने खोटं बोलणं एवढंच उरतं. तू अजून १९९५ सालातच आहेस, अशी त्याची समजूत घालायची.

आकारापासून सुरू करू. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ या संगणकांबरोबर व्हीजीए नावाची चित्रव्यवस्था आणली. तिच्यातला सर्वांत लाडका प्रकार म्हणजे ३२० बाय २०० बिंदू आणि २५६ रंग. नव्वदीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतले डॉसवरचे कितीतरी खेळ याच मापात रंगवलेले आहेत. आता ३२० ला २०० ने भागा, १.६ येतं. पण काचेचा मॉनिटर चारास तीन, म्हणजे १.३३ चा. मग चित्र बसायचं कसं? बिंदूच उभट असायचे. प्रत्येक बिंदू रुंदीच्या १.२ पट उंच. चित्रकार तोच मॉनिटर समोर ठेवून रंगवायचा, त्यामुळे हा उभटपणा त्याने डोळ्याने आपोआप हिशेबात धरलेला असायचा.

आजच्या सपाट पडद्याचा बिंदू चौरस असतो. तेच चित्र बिंदूला बिंदू ठेवून दाखवलं की ते सहाव्या हिश्श्याने बुटकं होतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बघा. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली बिंदू-बिंदूने उतरवल्या. १९८९ साली तो खेळ ॲपल टू वर आला, पुढच्याच वर्षी डॉसवर. नव्वदीत ज्याच्या शाळेत किंवा काकांच्या ऑफिसात संगणक होता, त्याने तो राजपुत्र खिळ्यांच्या खड्ड्यात पाडलेला आहेच. आज तो चुकीच्या मापात धावताना बघितला की काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. उंची सोळा-सतरा टक्क्यांनी कमी झालेली असते. धावणं तेच, पण माणूस आखूड झालेला. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' नावाची एक ओळ आहे. तिथे 'फॉल्स' असेल ते 'ट्रू' करा, राजपुत्राची उंची परत येते. त्या एका ओळीसाठी मी आख्खं दुसरं प्रकरण लिहिलं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

काचेच्या जुन्या मॉनिटरला स्वतःच्या ठिपक्यांची ठराविक जाळी नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. ६४० बाय ४८० पाठवा नाहीतर ८०० बाय ६००, किरण तेवढ्या ओळी आखून काच भरून टाकायचा. सपाट पडद्याला मात्र कारखान्यातच ठिपके चिकटवलेले असतात. त्याला न जुळणारं काहीही आलं की ताणणं भाग आहे, आणि ताण पूर्णांकात बसला नाही तर काही बिंदू दोन ठिपक्यांचे, काही तीन ठिपक्यांचे होतात. अक्षरांच्या उभ्या रेघा जाड-बारीक दिसायला लागतात त्या यामुळे. म्हणून मी १०८० च्या पडद्यावर ४८० ची पाटी बरोबर दुप्पट करून ९६० वर थांबतो आणि वर-खाली साठ-साठ ओळी काळ्या सोडतो. इंटेल आणि एनव्हिडिया या दोघांनी २०१९ साली आपापल्या ड्रायव्हरमध्ये असं पूर्णांकी मोठं करण्याची सोय दिली. ती तुमच्या यंत्रात असेल तर आधी ती वापरा.

काही जण बिंदूंचे कोपरे घासून गुळगुळीत करणारे फिल्टर लावतात. राजपुत्र मग मेणाचा दिसतो. ज्याला आवडतं त्याने करावं, पण ते चित्र मूळ चित्रकाराने कधी बघितलेलं नव्हतं आणि बघितलं असतं तर दचकला असता, असं माझं मत आहे. काचेच्या मॉनिटरचा किंचित मऊपणा आणणारे फिल्टर मला त्या मानाने प्रामाणिक वाटतात.

आता रंग. हा माझा सगळ्यांत आवडता भाग, कारण इथला बिघाड बघायला गंमत येते. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ सालचा. विंडोज व्हिस्टा आणि सात वर तो चालवणाऱ्या अनेकांना जांभळं गवत आणि भलत्याच रंगाचं पाणी दिसलं. 'स्टारक्राफ्ट'मध्येही तोच प्रकार. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली.

कारण समजून घ्यायला रांगोळीचे डबे डोळ्यांसमोर आणा. २५६ रंगांच्या चित्रात कोणत्याही बिंदूपाशी रंग लिहिलेला नसतो, फक्त डब्याचा नंबर लिहिलेला असतो. अमुक बिंदू, डबा ४७. त्या डब्यात हिरवी पूड आहे हे वेगळ्या तक्त्यात नोंदवलेलं, त्याला पॅलेट म्हणतात. व्हीजीएमध्ये हे २५६ डबे २,६२,१४४ छटांमधून निवडून भरता यायचे. आता कुणी मागच्या दाराने येऊन ४७ नंबरच्या डब्यात जांभळी पूड ओतली, तर चित्रातला एकही बिंदू न हलता सगळं गवत जांभळं होतं. विंडोज स्वतःच्या खिडक्या आणि बटणांसाठी यांतले वीस डबे पूर्वीपासून राखून ठेवायची, प्रोग्रॅमला उरायचे २३६. खेळ मात्र पूर्ण पडदा घेतल्यावर सगळेच डबे आपले समजायचे. आधी ते चालून जायचं. व्हिस्टापासून डेस्कटॉप रंगवण्याची पद्धतच बदलली आणि मागे चालू असलेला एक्सप्लोरर, म्हणजे टास्कबार आणि डेस्कटॉप सांभाळणारा प्रोग्रॅम, खेळाच्या डब्यांत हात घालायला लागला.

यावर लोकांनी शोधलेले उपाय वाचताना मला आजीबाईच्या बटव्याची आठवण होते. खेळ सुरू करण्याआधी एक्सप्लोरर बंद करायचा, खेळून झालं की पुन्हा चालू करायचा. किंवा त्याहून गमतीचं म्हणजे पडद्याचं रिझोल्यूशन बदलण्याची खिडकी नुसती उघडी ठेवायची, काही न बदलता, आणि मग खेळ सुरू करायचा. रंग बरोबर! ज्यांनी हे पहिल्यांदा करून बघितलं त्यांना आधी कुणीही वेड्यात काढलं असतं. पण ती खिडकी उघडी असेपर्यंत एक्सप्लोररचा डब्यांतला हस्तक्षेप थांबत होता. आता इतकं करायची गरज नाही. खेळ आणि विंडोज यांच्यामध्ये दुभाष्यासारखी बसणारी एक फाइल मिळते. सीएनसी-डीड्रॉ त्यांतली एक, डीजीव्हूडू दुसरी. खेळ तिलाच जुनं ग्राफिक्स समजून डब्यांचे नंबर सांगतो, ती आपल्याकडे तक्ता ठेवून खरे रंग काढते आणि नव्या कार्डाच्या भाषेत पुढे पाठवते. खेळाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची, बस्स. विंडोजच्या स्वतःच्या कम्पॅटिबिलिटीच्या पानावरही कमी रंगांची खूण आहे, ती कधी लागू पडते, कधी नाही. करून बघायला पैसे पडत नाहीत.

डॉसच्या प्रोग्रॅमने पूर्ण पडदा घेणं हे प्रकरण मी लवकर आवरलं आहे. व्हिस्टाबरोबर आलेल्या नव्या ड्रायव्हर-पद्धतीत डॉसच्या खिडकीला पूर्ण पडदा मिळणं बंद झालं. "ही सिस्टीम फुल स्क्रीन मोडला सपोर्ट करत नाही" अशा अर्थाचा चौकोनी निरोप अनेकांनी वाचला असेल. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तर सोळा बिटांचे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ बत्तीस बिटांची मिळतच नाही. तिथे सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका. डॉसचं असेल तर डॉसबॉक्स, विंडोज ३.१ किंवा ९५ च्या काळातलं असेल तर आभासी संगणकात ती जुनी विंडोजच बसवणं, हे दोन रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्यांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर विसरू नये. तो नसला की जुनी विंडोज सोळा रंगांत आणि ६४० बाय ४८० मध्ये अडकून बसते आणि माणूस समजतो आभासी संगणकच बिघडला.

खरी रोजची डोकेदुखी खेळांची नसते. ती वजनकाट्याच्या, औषधदुकानाच्या, सोसायटीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेला. तो ओळखीचा आता कॅनडात. प्रोग्रॅम मात्र रोज सकाळी दहाला उघडतो.

असा प्रोग्रॅम चकचकीत नव्या लॅपटॉपवर धूसर दिसतो. कारण तो एका इंचात ९६ ठिपके धरून बसलेला आहे. नव्या पडद्यावर ठिपके दाट, म्हणून विंडोज सगळं दीडपट करून दाखवते. ज्या प्रोग्रॅमला हे कळतं तो आपली अक्षरं नव्याने मोठी काढतो. ज्याला कळत नाही त्याला विंडोज जुन्याच मापात चित्र काढू देते आणि मग ते चित्र फोटोसारखं ताणते. मोतीबिंदू तिथे होतो. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खाली तीन पर्याय येतात: ॲप्लिकेशन, सिस्टीम, सिस्टीम (एनहान्स्ड). पहिला निवडला तर अक्षरं धारदार होतात पण मुंगीएवढी, शिवाय व्हिज्युअल बेसिकच्या फॉर्मवरच्या चौकटी कधीकधी एकमेकींवर चढतात. त्या फॉर्मची मापं ट्विप नावाच्या एककात असतात, इंचाला १४४०. ९६ च्या हिशेबाने एका ठिपक्याला १५ ट्विप. लिहिणाऱ्याने घाईत कोडमध्ये सरळ १५ ने भागून ठेवलेलं असतं, आणि दीडपट पडद्यावर तो आकडा १० व्हायला हवा. म्हणून आधी तिसरा पर्याय लावा. जुन्या पद्धतीने काढलेली अक्षरं त्यात बरीच स्वच्छ होतात आणि मांडणीही हलत नाही.

'ओके' बटण पडद्याबाहेर गेलं असेल तर दिसेपर्यंत थांबायची गरज नसते. टॅब दाबत जायचं आणि एंटर. पूर्ण खिडकीच कुठे गायब झाली असेल, विशेषतः पूर्वी दोन मॉनिटर होते आणि आता एकच उरलाय अशा वेळी, तर टास्कबारवर तिचं नाव निवडून ऑल्ट-स्पेस, मग एम, मग कोणतीही बाणाची कळ एकदा दाबून माउस हलवायचा. खिडकी माउसला चिकटून येते. एका औषधदुकानात ही युक्ती केल्यावर मालकांनी मला चहा पाजून गल्ल्यावरच्या पोराला सांगितलं, "बघ, साहेबांनी आत हात घालून बाहेर काढली."

आता अक्षरं. इतर भाषांतल्या अशा पुस्तकांत या विषयाला दोन पानं मिळाली तरी खूप. मराठीत ते सर्वांत लांब प्रकरण आहे, कारण आपली लिपी संगणकावर तीन वेळा आली आणि दर वेळी वेगळ्या कपड्यांत.

पहिल्यांदा ती लोखंडातून आली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. संगणकात जिस्ट कार्ड नावाचा पत्रा बसवला की डॉसमधल्या साध्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमातही देवनागरी उमटायची. अक्षरांचं वळण त्या कार्डात होतं, प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसायचा. म्हणजे गळून पडू शकणारं अर्धं चित्र इथे अक्षरशः हातात धरता यायचं. आज ते कार्ड अडगळीत सापडलं तरी बसवायला खाच असलेला मदरबोर्ड कुठून आणणार?

मागे उरल्या फाइली. भारतीय लिप्यांसाठी आयएससीआयआय नावाचं मानक आहे, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ते पक्कं झालं. त्यात 'क' चा क्रमांक १७९, 'म' चा २०४, 'ल' चा २०९. आयबीएमच्या मूळ तक्त्यात याच क्रमांकांवर चौकटी आखण्याच्या रेघा आहेत. त्यामुळे त्या मानकातली फाइल डॉसच्या साध्या पडद्यावर उघडली की कमल नावाची बाई अशी दिसते: एक उभी रेघ, मग डावीकडच्या दुहेरी भिंतीतून उजवीकडे फुटलेला दुहेरी फाटा, मग दुहेरी छताला लोंबणारी एकेरी दोरी. आख्खी सभासद-यादी खिडकीच्या गजांसारखी. लोक समजतात फाइल सडली. एकही अक्षर हरवलेलं नसतं. क्रमांक सगळे शाबूत असतात, फक्त वाचणारा तक्ता चुकीचा. असे गज दिसले तर फाइल पुसू नका, हे मी पुस्तकात चार ठिकाणी लिहिलं आहे.

दुसऱ्यांदा देवनागरी फॉन्टच्या वेषात आली. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे सुरेख-योगेश, शिवाजी. विंडोजला वाटायचं आपण रोमन अक्षरं छापतोय, फॉन्ट त्या जागी मराठी तुकडे रंगवायचा. एका फॉन्टमध्ये जागा २५६, त्यातही सगळ्या वापरता न येणाऱ्या. तेवढ्यात अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, जोडाक्षरं कोंबायची. प्रत्येकाने आपापल्या सोयीने कोंबली. एकाच्या मांडणीत जिथे 'म' बसला तिथे दुसऱ्याच्या मांडणीत भलतंच काही. म्हणून फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ते मराठी रोमन कचऱ्यासारखं दिसतं आणि चुकीचा फॉन्ट असलेल्या यंत्रावर त्याहून वाईट, म्हणजे जवळपास मराठीसारखं.

तिसऱ्यांदा युनिकोड. विंडोज २००० मध्ये देवनागरीला खरी जागा मिळाली, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फॉन्ट सोबत आला. एक्सपीमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागायची आणि सीडी घालावी लागायची. ती सीडी कधीच सापडायची नाही.

आता या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीची गाठ पडते तिथे काय होतं ते बघा. एका छापखान्यात निमंत्रणपत्रिकांचा जुना प्रोग्रॅम होता. फॉन्ट बसवलेला, वर्षानुवर्षं चालत आलेला. एके दिवशी अक्षरं अर्धवट झाली. काही ठीक, काहींच्या जागी चौकोन. 'श्री' निम्मी गेली, मात्रा उडाल्या. मालकांच्या पुतण्याने भलेपणाने विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जाऊन युनिकोड यूटीएफ-८ वापरा अशी जी 'बीटा' खूण असते ती लावली होती. मराठी नीट दिसावं म्हणून! पण जुन्या मांडणीत १२७ च्या वरचा प्रत्येक क्रमांक एकटा एक अक्षर असतो. यूटीएफ-८ मध्ये १२७ च्या वरचा क्रमांक एकटा निरर्थक, ते झुंडीने येतात. आपलं एक देवनागरी अक्षर तिघांचं मिळून बनतं. त्यामुळे फॉन्टमधले जे तुकडे खालच्या १२७ मध्ये बसवलेले होते ते वाचले, वर बसवलेले गेले. काही अक्षरं दिसतात आणि काहींचे चौकोन होतात, असं लक्षण असेल तर ती खूण काढा, यंत्र पुन्हा सुरू करा. युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमसाठीची भाषा इंग्रजी ठेवा. मराठीसाठी मराठी न निवडता इंग्रजी निवडायची, हे सांगताना मलाही दर वेळी चोरट्यासारखं वाटतं. पण त्या प्रोग्रॅमला मराठी असं काही ठाऊकच नाही, तो जन्मभर इंग्रजीच लिहीत आलाय.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. मॅक नाही, कारण मी तो पुरेसा वापरलेला नाही. आवाजाच्या तक्रारी नाहीत. वेगाच्या अडचणी फक्त पडद्याशी संबंध असेल तिथे घेतल्या आहेत. उदाहरणार्थ, व्हीजीएचा ३२० बाय २०० चा प्रकार सेकंदाला सत्तर वेळा चित्र काढायचा आणि आजचे साधे पडदे साठ वेळा काढतात, म्हणून दर सातवं चित्र गळतं आणि सरकणारी पार्श्वभूमी अडखळते. चोरीच्या सॉफ्टवेअरचे पत्ते नाहीत.

प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. लक्षण बघा आणि थेट तिथे जा. फक्त दोन सवयी लावून घ्या. काहीही बदलण्याआधी प्रोग्रॅमचं आख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलली की वहीत लिहा. मी स्वतः हे विसरून एकदा एका दुकानात सहा खुणा एकदम लावल्या होत्या. पडदा सुधारला, पण कोणत्या खुणेने सुधारला ते अजून माहीत नाही, आणि त्या दुकानात आजही सहाही खुणा तशाच आहेत.

गजांची ती यादी मी पहिल्यांदा बघितली सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत. जुनं यंत्र बंद पडलेलं, फाइल तेवढी वाचलेली. तक्ता लावून सगळी नावं युनिकोडमध्ये आणायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी छापील यादी निवृत्तीला आलेल्या भाऊसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला आणि बोट ठेवलं.

"सगळं झ्याक आहे. पण हे कर्हाड कुठलं गाव? आमचं कऱ्हाड आहे."

रूपांतर करताना माझ्या तक्त्याने 'र' आणि 'ऱ' एकाच पेटीत टाकले होते. यादीत कऱ्हाडचे सभासद तीनशेच्या वर. मी पुन्हा लॅपटॉप उघडला आणि भाऊसाहेबांनी शिपायाला दोन चहा सांगितले.